नर्सबाईंची मूर्ती करू नका

गेल्या वर्षी माझी आजी वारली. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी शोकसभा झाली. माणसे खूप जमली होती; निम्म्याहून अधिक तिच्याच हातून जन्मलेली. व्यासपीठावरून एकामागून एक भाषणे झाली. 'त्यागमूर्ती', 'सेवेचा नंदादीप', 'आमच्या गावची फ्लॉरेन्स नायटिंगेल' असे शब्द कानांवर पडत होते. घरच्या सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी होते, माझ्याही होते. परंतु मनात एक अस्वस्थता होती, ती या लेखात मांडायची आहे. मला वाटते, या गौरवाने आपण तिचे ऋण फेडले नाही. उलट, ते नीट मोजण्याचे टाळले.

गावाने तिला नावाने क्वचितच हाक मारली. ती सगळ्यांची 'नर्सबाई'. वडील लहानपणीच गेले, म्हणून पणजीने तिला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला धाडले. १९६३ साली ती सरकारी नोकरीत आली आणि २००० साली निवृत्त झाली. सदतीस वर्षे! त्या काळी, रात्री-अपरात्री घराबाहेर पडणारी बाई म्हणून लोक मागे बोलत. गंमत अशी, की बोलणाऱ्यांच्याच घरी सून अडली की कंदील घेऊन मध्यरात्री माणूस आमच्या दारात उभा राही. नर्स हवी, पण सून म्हणून नको! ही वृत्ती आज पूर्णपणे गेली आहे, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल काय?

त्याग हा शब्द तिला लागू करताना तिचे ज्ञान आपण विसरतो. वाड्यावस्त्यांवर तेव्हा बाळाची नाळ विळ्याने कापत. जखमेवर राख किंवा शेण लावत. आठवडाभरात बाळाला धनुर्वात होई आणि घरचे म्हणत, 'सटवीने नेले.' आजीने सुईणींशी भांडण मांडले नाही. तिने त्यांना शेजारी बसवले, हात साबणाने धुवायला शिकवले, उकळलेला दोरा आणि नवे ब्लेड त्यांच्या हाती दिले. गरोदर बायांना धनुर्वाताची लस टोचली. २०१५ साली माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. ती बातमी मोठ्यांदा वाचून दाखवल्यावर आजी एवढेच म्हणाली, "ब्लेडचे पैसे मीच भरायचे रे तेव्हा."

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा माझे थोरले काका वर्षाचे होते. त्यांना शेजारणीच्या ओटीत देऊन आजी दवाखान्यात गेली, ती तिसऱ्या दिवशी परतली. शोकसभेत ही गोष्ट तिघांनी सांगितली. पण दुसरी एक गोष्ट कोणीच सांगितली नाही. ती आजी स्वतः सांगत असे, आणि सांगताना तिचा आवाज उतरत असे. आणीबाणीत, १९७६ साली, कुटुंबनियोजनाच्या 'केसेस'चा कोटा ठरवून दिला होता. कोटा भरला नाही तर पगार अडे. तिनेही दारोदार हिंडून केसेस आणल्या. ज्या बाया तिला पाहताच चहाचे आधण ठेवीत, त्या तिला पाहून दार लावू लागल्या. "ती दारं उघडायला मला पाच वर्षं लागली," असे ती म्हणे. मूर्तीला अशी खंत नसते, माणसालाच असते. या खंतीसकट तिची आठवण ठेवली, तर गावाच्या इतिहासाचे एक खरे पान हाती लागेल. नुसत्या फुलांखाली ते झाकून जाईल.

घरातही असेच होते. आजोबांचे दुकान कधी चाले, कधी बसे. तीन मुलांची शिक्षणे, दोन नणंदांची लग्ने आणि घरावरची कौले झाली ती तिच्या पगारावर. कोणाचे काय करायचे हे तीच ठरवी. माझी आई आजही म्हणते, "आत्याबाईंनी मला बी.ए. पुरे करायला लावले, नाहीतर मी चुलीपाशीच राहिले असते." पण रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव आजोबांचे! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डापुरती घरातली वडीलधारी स्त्री कुटुंबप्रमुख ठरली. तेव्हा आजी हसून म्हणाली, "सरकारला पन्नास वर्षं उशीर झाला."

कोणी म्हणेल, चार चांगले शब्द बोलले तर बिघडले कुठे? तिने त्याग केला नव्हता का? केला होता, हे मला मान्य आहे. परंतु त्याग म्हटले की वेतन, रजा, राहायला धड खोली, रात्रीच्या फेरीला सोबत हे प्रश्न विचारणे अशोभनीय ठरते. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी २२ मार्चला आपण थाळ्या वाजवल्या. कंत्राटावर राबणाऱ्या परिचारिकांचे कंत्राट त्या आवाजाने कायम झाले नाही. आणि नायटिंगेलचेच नाव घ्यायचे, तर ती केवळ दिवा घेऊन फिरणारी बाई नव्हती. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मेले, हे तिने आकड्यांनिशी मांडून सरकारला जाब विचारला. आपण तिचा दिवा तेवढा लक्षात ठेवला आणि आकडे सोईस्करपणे विसरलो!

आजीनेही आकडे ठेवले होते. तिच्या ट्रंकेत स्वतःच्या नोंदींच्या अकरा वह्या निघाल्या. बाईचे नाव, वाडी, तारीख, बाळाचे वजन आणि शेवटच्या रकान्यात 'जिवंत' किंवा 'मयत'. घर आवरताना त्या रद्दीत चालल्या होत्या, मी त्या काढून घेतल्या.

आपल्या महाविद्यालयाच्या इतिहास आणि समाजशास्त्र विभागांना माझी विनंती आहे. पंचक्रोशीत निवृत्त नर्सबाई आणि सुईणी अजून हयात आहेत. सुटीत आपण विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जावे, त्या सांगतील ते लिहून घ्यावे. त्यांची चूक, त्यांचा पगार, त्यांची भीती, सगळे. पुतळा उभारायला वर्गणी लागते, याला एक वही आणि थोडा वेळ पुरे. पहिल्या अकरा वह्या मी आणून देतो.