घरांतील शुश्रूषा : टाके निघाल्यावर

टाके निघाले म्हणजे जखम भरली, ही समजूत सुशिक्षित घरांतूनहि आम्हांस आढळते. शहापूर-मुरबाडकडील पाड्यांवर तर तिची किंमत जबर पडते. टाके निघतांच बाई डोक्यावर हंडा घेते, आणि आषाढ असला तर भाताच्या लावणीस दिवसभर ओणवी राहून राबते.

पोटावरचे टाके बहुधा ७ ते १० दिवसांत काढतात. कातडीच्या कडा तेव्हां जुळलेल्या दिसतात खऱ्या. परंतु ३ आठवड्यांनींहि त्या जागेचें बळ मूळ कातडीच्या सुमारें पंचमांशच असतें. १५ लिटरांचा हंडा म्हणजे पाण्याचेंच १५ किलो ओझें. तें उचलतांना ताण बसतो तो आंतल्या शिवणीवर. ती उसवली कीं हर्निया, आणि पुन्हा शस्त्रक्रिया! पोट उघडून शस्त्रक्रिया झाली असेल तर निदान ६ आठवडे जड ओझें उचलूं नये. घरीं कामास येणाऱ्या बाईवर अशी वेळ आली असेल तर तितके दिवस तिला पगारी रजा द्यावी, असें आम्ही स्पष्टच म्हणतों.

मुंबईची तहान भागविणारीं तानसा-भातसा हीं धरणें शहापूर तालुक्यांत आहेत. पण उन्हाळ्यांत तेथीलच कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. तेव्हां ‘जखम रोज धुवा’ हा उपदेश शहरांतून करणें सोपें आहे. सुदैवानें पाणी फार लागत नाहीं. पहिले २ दिवस पट्टी कोरडी राखावी. पुढें हात साबणानें धुवून, उकळून निवविलेल्या तांब्याभर पाण्यानें जागा स्वच्छ करावी व धुतलेल्या फडक्यानें अलगद टिपून घ्यावी. ओढ्यांत वा तळ्यांत स्नान नको.

विळा लागला कीं दगडीपाल्याचा रस पिळण्याची चाल आहे. शस्त्रक्रियेच्या जखमेवर तो नको, हळदहि नको. पाल्याबरोबर मातींतले धनुर्वाताचे जंतु येऊं शकतात. डाळ-भातानें जखम पिकते हा समज तर आमच्या स्वयंपाकघरांतून कधीं जाणार कोण जाणे! जखम भरण्यास प्रथिनें लागतात. वरण, दूध, मटकी भरपूर द्यावी.

लाली दिवसेंदिवस पसरूं लागली, पू आला, ताप चढला किंवा कडा उकलल्या, तर त्याच दिवशीं शहापूरचें उपजिल्हा रुग्णालय अथवा मुरबाडचें ग्रामीण रुग्णालय गांठावें. व्रण फिका पडण्यास वर्षहि लागतें. तोंवर तो उन्हापासून झांकावा. आणि शस्त्रक्रिया तांतडीची नसेल, तर डॉक्टरांस विचारून तिची तारीख लावणी उरकल्यावरची धरावी.