उंदराचे ठोके अहवालात लिहा

अंधेरीच्या एका फार्मसी महाविद्यालयात मी औषधशास्त्र शिकवते. जागत्या पांढऱ्या छोट्या उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं. औषधाचा हृदयावरचा परिणाम पाहताना सोनोग्राफीसाठी भूल दिली की ठोके उतरतात. भूल जास्त झाली, अंग गार पडलं, तर आणखीच. मग पडद्यावर दिसणारं मंद आकुंचन औषधामुळे की भुलीमुळे? उलट, शेपटीला पट्टा बांधून रक्तदाब घेताना घाबरलेल्या प्राण्याचा दाब चढतो. निरुपयोगी आकड्यापायी गेलेला जीव माझ्या मनाला फार लागतो.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा, प्रयोगांचे नियम १९९८चे. संस्थेची नैतिकता समिती प्राणी किती, भूल कोणती, हे विचारते. मोजताना ठोके किती होते, शरीराचं तापमान किती होतं, हेही तिने प्रत्येक अहवालात मागावं. शस्त्रक्रिया करून अंगात बसवलेलं टेलिमेट्री यंत्र मोकळ्या फिरणाऱ्या प्राण्याचे ठोके टिपतं, पण ते महाग. विलेपार्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या महाविद्यालयांनी मिळून ते का घेऊ नये? भुलीत ऊब देणारी गादी तर त्यामानाने स्वस्त आहे; ती नसेल तिथे असल्या प्रयोगाला मंजुरीच देऊ नये.