पाणी कुणाचे, थरार कुणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या जानेवारीत आमच्या वर्गाची सहल कोलाडला गेली होती. कुंडलिका नदीत राफ्टिंग करायचे, म्हणजे हवा भरलेल्या रबरी नावेतून वेगवान प्रवाहात उतरायचे, असा बेत होता. परतल्यावर आठ दिवस वर्गात दुसरा विषय नव्हता. मीही त्या गप्पांत होते. पण हा लेख केवळ त्या मौजेचे वर्णन करण्यासाठी नाही. त्या दिवसापासून एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती मित्रमैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावी एवढाच हेतू.

ताम्हिणी घाट उतरून आम्ही नदीकाठी पोचलो आणि सगळ्यांची निराशा झाली. दोन्हीकडे सह्याद्रीचे डोंगर, आणि मधल्या पात्रात दगडगोटे आणि पाण्याची बारीकशी धार! यात नाव कशी चालायची? आमचा गाइड जवळच्याच गावचा, दहावीपर्यंत शिकलेला तरुण होता. तो हसून म्हणाला, "थांबा ताई, अजून पाणी सोडलं नाही."

आणि खरोखरच थोड्या वेळाने पाणी चढू लागले. गोटे दिसेनासे झाले, नदीला आवाज आला. जॅकेट आणि हेल्मेट चढवून आम्ही वल्ही हाती घेतली. गाइड नावेच्या मागच्या टोकाला बसला. "फॉरवर्ड!" म्हटले की सर्वांनी एकदम वल्हे मारायचे, "स्टॉप!" म्हटले की थांबायचे. पहिल्याच उसळीत नाकातोंडात पाणी गेले, आमच्यातला सर्वांत बडबड्या गप्प झाला! जवळजवळ बारा किलोमीटरांचा तो प्रवास. कुठला खडक पाण्याखाली दडला आहे, कुठे भोवरा आहे, हे त्या गाइडला तोंडपाठ होते.

संथ पाणी आल्यावर मी विचारले, "दादा, हे पाणी येतं कुठून?"

"मुळशीचं पाणी हे. डोंगरातून खाली भिऱ्याला येतं, वीज तयार होते, मग आमच्या नदीत. नदी आमची ताई, पण नळ दुसऱ्याच्या हातात."

मला वल्हे मारायचे भान राहिले नाही. कारण मी मुळशीची. माझ्या आजीच्या सासूचे बालपण ज्या गावात गेले, ते गाव मुळशी धरणाखाली आहे. मुळा नदीचे पाणी मुळात पूर्वेला, भीमा आणि कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जाणारे. धरण बांधून ते पश्चिमेला वळवले गेले आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. आपली शेते वाचवावीत म्हणून १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यामुळे 'सेनापती' झाले. सत्याग्रह अखेर मोडला. गावे बुडाली, वीज मुंबईला गेली.

हे सारे मी आजीकडून ऐकले होते. सकाळी आमची बस त्याच जलाशयाच्या काठाने गेली, तेव्हा आत सर्वजण गाण्याच्या भेंड्या खेळत होते. मी खिडकीतून पाण्याकडे पाहत होते. "इथे आमचं गाव होतं," एवढे चार शब्द मला बोलवले नाहीत. घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. इथे आपण इतरांसारखेच दिसावे, अशी धडपड असते. धरणग्रस्ताची पणती म्हणवून घ्यायची मला लाज वाटली. खरी लाज त्या गप्प राहण्याची वाटायला हवी होती.

धरण नको होते, वीज नको होती, असे मी म्हणत नाही. तो गाइडच म्हणाला, "हे पाणी नसतं तर मी मुंबईला हमाली करत असतो." एकाचे गाव ज्या पाण्यात गेले, त्याच पाण्यावर दुसऱ्याची चूल पेटते. हा हिशेब सोपा नाही. पण सोपा नाही म्हणून तो मांडायचाच नाही का? इतिहासाच्या तासाला आपण सत्याग्रहांच्या सनावळ्या पाठ करतो आणि ज्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला, त्याच्या काठाने भेंड्या खेळत निघून जातो. मग सहल आणि शिक्षण यांचा संबंध काय उरला?

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. पुढच्या वर्षीही कोलाडला अवश्य जावे. मात्र जाताना मुळशीच्या काठावर अर्धा तास बस थांबवावी. बोलायला दुसरे कोणी मिळाले नाही, तर मी बोलेन. या वेळी गप्प राहणार नाही.

त्या रात्री घरी आजीने विचारले, "पाणी कसं होतं गं?"

"लई गार होतं, आजी. मुळशीचंच होतं."

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग आपल्या गावावरनंच आलं म्हणायचं."