बरगे कुणाचे?

कोल्हापूर पद्धतीच्या सर्व बंधाऱ्यांना १५ ऑक्टोबरपर्यंत बरगे (गाळे बंद करणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या) बसवून पाणीसाठ्याची जिओ-टॅग केलेली छायाचित्रे सादर करावीत, अशा आदेशाची प्रत एका जिल्ह्यातल्या दोघा-तिघा वाचकांनी आम्हाला पाठवली आहे. त्यांना दाखवायचा होता तो मजकूर नव्हे, त्यावरचा आवक शिक्का. आदेश ग्रामपंचायतीत पोचला तेव्हा महिना संपत आला होता. परतीचा पाऊस केव्हाच निघून गेला होता आणि ओढ्याला करंगळीएवढी धार उरली होती. छायाचित्रे मात्र तातडीने गेली. एका ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे की जुलैच्या पुरात काढलेला फोटो होता, तोच चढवला. अक्षांश-रेखांश जुळले की झाले, तारीख कोण बघतो? बंधाऱ्यावरून फेसाळत चाललेले पुराचे पाणी आता कुठल्या तरी तक्त्यात ‘साठा’ म्हणून जमा असेल.

बरगे टाकण्याचा मोसम किती नाजूक असतो हे आमच्या वाचकांना सांगायला नको. लवकर टाकले आणि मागून मोठा पाऊस आला, तर पाणी पंखभिंतीच्या बगलेने काठ फोडून जाते आणि बंधारा कोरड्यात उभा राहतो. उशीर केला तर अडवायला पाणीच नसते. मधे हाताशी असतात ते जेमतेम दोन-तीन आठवडे, आणि तेही खोऱ्यागणिक, वर्षागणिक मागेपुढे होणारे. नेमका दिवस ओढ्याकाठच्या माणसाला कळतो. सगळ्या जिल्ह्याला एकच तारीख देणाऱ्याला तो कळणे शक्य नाही.

पण तारखेचा घोळ एक वेळ परवडला. खरे दुखणे बरग्यांच्या मालकीचे आहे. या महिन्यात आलेल्या पत्रांतले सर्वांत बोलके प्रकरण असे. मे महिन्यात काढलेले लोखंडी बरगे काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये रचून ठेवले होते. सप्टेंबरात शेड उघडली तर निम्मे गायब; भंगारात गेले हे उघड आहे. सरपंच तक्रार द्यायला ठाण्यात गेले. तिथे विचारणा झाली, माल कुणाचा? ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत बंधारा नाही, कारण हस्तांतरणाच्या कागदावर मागच्या सरपंचांनी सहीच केली नव्हती. गळका बंधारा ताब्यात घ्यायला ते तयार नव्हते, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही. मग सरपंच बंधारा बांधणाऱ्या खात्याच्या उपविभागात गेले. तिथे सांगण्यात आले की काम पूर्ण होताच बंधारा हस्तांतरित झाल्याची नोंद आहे, सबब तक्रार ग्रामपंचायतीने द्यावी. नवे बरगे मागावेत तर आधी चोरीच्या गुन्ह्याची प्रत हवी. गुन्हा नोंदवायचा तर मालक हवा. आणि उरलेले निम्मे बरगे रबर सील झिजल्याने निकामी आहेत, त्यांचे निर्लेखन झाल्याशिवाय नव्यांचे अंदाजपत्रकच धरता येत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव कोण देणार? ज्याच्या नोंदवहीत ते आहेत तो. ते कुणाच्याच नोंदवहीत नाहीत.

गावाने शेवटी काय केले? रिकाम्या गाळ्यांच्या खाचांत लाकडी फळ्यांच्या दोन रांगा उभ्या केल्या, मधे काळी माती आणि उसाचे पाचट ठासले आणि पाणी अडवले. कोल्हापूर भागातल्या जुन्या बंधाऱ्यांवर असेच करत. त्यावर उपविभागातून तोंडी समज आली की शासकीय बांधकामात परवानगीशिवाय हस्तक्षेप केला. म्हणजे चोरीपुरता बंधारा ग्रामपंचायतीचा आणि हस्तक्षेपापुरता शासनाचा!

पैसा नाही म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. पाणलोट प्रकल्पांसाठीच्या २००८ च्या सामायिक मार्गदर्शक सूचनांनी पाणलोट विकास निधीची तरतूद केली ती नेमकी यासाठी. खासगी जमिनीवरच्या कामांत सर्वसाधारण शेतकऱ्याची किमान १० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प-अत्यल्प भूधारकांची किमान ५ टक्के लोकवर्गणी त्यात जमा व्हायची आणि प्रकल्प संपल्यावर सामाईक कामांच्या देखभालीला वापरायची. वर्गणी अनेक गावांनी भरली. प्रकल्प संपला, पाणलोट पथकातला, खात्यावर सह्या करणारा सदस्य दुसरी नोकरी धरून गेला. आता सहीचा नमुना बदलायला बँक प्रकल्प कार्यालयाचे पत्र मागते आणि कार्यालय म्हणते, तो प्रकल्प बंद झाला, आम्ही पत्र कोणत्या अधिकारात द्यायचे? अशी हकिगत यंदा एकाहून जास्त गावांनी कळवली आहे. लोकांचा पैसा लोकांच्याच खात्यात अडकून आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीत पाण्याच्या बाबीखाली पावसाचे पाणी साठवणे स्पष्ट शब्दांत होते. तिथेही काही गावांना आक्षेप आला की बंधारा म्हणजे सिंचन, पेयजल नव्हे. गावची नळयोजनेची विहीर बंधाऱ्याच्या वर, त्याच ओढ्याच्या काठाला आहे, एवढे बघायला कुणी शिवारात उतरले नाही.

सरकारला बोल लावून आपण मोकळे व्हावे, इतके मात्र आपलेही हात स्वच्छ नाहीत. पाणलोटात काम करणाऱ्या आपल्या संस्थांचे वार्षिक अहवाल चाळून पाहा. किती बंधारे बांधले, किती गाळ काढला, किती घनमीटर साठा ‘निर्माण’ केला, हे पानोपानी. त्यांतले किती ऑक्टोबरात बंद झाले, हा रकाना आम्हाला एकाही अहवालात दिसला नाही. जलयुक्त शिवार २०१४ मध्ये आले तेव्हा शिवारफेरी, गाव आराखडा, जलपरिपूर्णतेचा हिशेब यांत आपण सगळे हिरिरीने होतो. फलक लागला, आपण पुढच्या गावाला गेलो.

आणि लोक श्रमदानाला येत नाहीत, हे रडगाणे आता पुरे. का यावेत? बंधाऱ्यात अडलेले पाणी पहिल्यांदा काठावरच्या साडेसात एच.पी.च्या मोटारी उचलतात, तेही उसाला. वरच्या आळीतला कोरडवाहूवाला आणि भूमिहीन मजूर बरगे चढवायला खांदा देतो आणि जानेवारीत त्याची बायको हापशावर नंबर लावून उभी असते. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा हाच गुंता आधी सोडवला होता. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरला, भूमिहीनालाही वाटा मिळाला आणि उसाला मनाई झाली. पांझरा आणि मोसम खोऱ्यांतल्या फड पद्धतीत पाट साफ करायला लाभधारकच जमत आणि पाणी द्यायला पाटकरी असे. त्याला गावच मोबदला देई. ओझरच्या वाघाड प्रकल्पावर पाणीवापर संस्थांनी कारभार हाती घेतला, त्यामागे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांची वर्षानुवर्षांची पायपीट होती. हिवरे बाजारला आपल्या सहली जातात, कमानीखाली फोटो निघतात. पावसाळा सरल्यावर पाण्याचा हिशेब मांडून रब्बीची पिके ठरवणारी तिथली ग्रामसभा बघायला थांबणारे किती?

तेव्हा शासनाकडे आमची मागणी मोठी नाही. बंधारा, बरगे आणि शेडची किल्ली एकाच कागदावर गावाच्या नावे करा, पण दुरुस्त करून. गळका बंधारा गळ्यात मारू नका. बंद प्रकल्पांच्या पाणलोट निधीवर ग्रामसभेच्या ठरावाने सही बदलता येईल, असे एका ओळीचे पत्र बँकांना द्या. आणि बरगे टाकण्याचा दिवस गावावर सोडा.

त्या पत्राची वाट पाहत बसू नका मात्र. ज्यांच्या ओढ्याला अजून धार आहे त्यांनी या आठवड्यातच काठावर जावे. खाचांतला गाळ उपसून, सील नसेल तिथे माती-पाचट ठासून निदान खालचे दोन थर तरी बंद करावेत. खालच्या गावाला आधी निरोप द्या. नाहीतर रात्रीतून बरगे उचलले जातात आणि वाळूवाल्यांच्या नावावर खपतात. वर्गणी घरटी नको, मोटारीच्या एच.पी.वर बसवा आणि ती कुणी किती दिली हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

आणि आम्हाला एक पोस्टकार्ड पाठवा: गाळे किती, बरगे जागेवर किती, कोणत्या तारखेला टाकले, कुणी टाकले, खर्च कुणी सोसला आणि बंधारा कुणाच्या नोंदवहीत आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कुणाच्याच नाही’ असेल तर तसेच लिहा. डिसेंबरच्या अंकात तालुकावार छापू आणि अंकाची एक प्रत संबंधित उपविभागांना स्पीड पोस्टाने धाडू. आवक शिक्का मारून घेऊच.