पहारा द्यावा, पण डोके ठिकाणावर ठेवून

मुंबईच्या झोपडपट्टीत सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही बाईला ‘रमण राघव’ हे नाव विचारून पाहावे. दिवेलागण झाली की पोरांना घरात ओढून घेत, गडीमाणसे काठ्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसत आणि पत्र्यावर मांजराने उडी मारली तरी सगळी वस्ती उठून बसे, असे आम्ही वडीलधाऱ्यांकडून कितीदा तरी ऐकले आहे.

1965-66 साली रेल्वे लाईनच्या कडेने, पूर्व उपनगरांत, झोपलेल्या माणसांवर हल्ले होऊ लागले. 19 जणांवर हल्ला झाला, त्यातले 9 दगावले. रमण राघवला पोलिसांनी तेव्हा संशयावरून धरले होते, पण पुराव्याअभावी सोडावे लागले. 1968 साली उत्तरेकडच्या उपनगरांत तोच प्रकार पुन्हा सुरू झाला. वेळ रात्रीची आणि घाव डोक्यातच. क्राइम ब्रँचचे रमाकांत कुलकर्णी तपास पाहत होते. 27 ऑगस्ट 1968 रोजी सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी फोटोवरून ओळखून त्याला पकडले. बोटांच्या ठशांनी खात्री पटली. न्यायालयाने फाशी सुनावली, पण मनोविकार तज्ज्ञांनी तो वेडाच्या आजाराने ग्रासलेला असल्याचे सांगितल्यावर हायकोर्टाने जन्मठेप दिली. 1995 साली पुण्यात ससून रुग्णालयात तो मेला.

त्या काळी सारी मुंबई हादरली होती, असे म्हणतात. हादरली असेल, परंतु मेले कोण? फुटपाथवर पथारी टाकणारे आणि पत्र्याच्या, तरटाच्या झोपडीत राहणारे! ज्याच्या घराला भिंत आणि दाराला कडी होती, त्याने ही भीती वर्तमानपत्रात वाचली. ज्याला दारच नव्हते, त्याने ती उशाशी घेऊन रात्र काढली आणि सकाळी पुन्हा कामावर गेला. मारणारा वेडा होता हे खरे, पण गरिबाला उघड्यावर झोपायला लावणारी व्यवस्था तर शहाण्या माणसांचीच होती ना?

या भीतीची दुसरी बाजूही आम्हाला सांगावीशी वाटते. खुनी दिसत नाही, म्हणून भ्यालेले लोक दिसेल त्या अनोळखी माणसावर संशय घेतात. रात्री फिरणारा भिकारी, वेडसर, परप्रांतीय अशा बिचाऱ्यांनी त्या दिवसांत मार खाल्ल्याचे जुने लोक सांगतात. ही केवळ जुनी गोष्ट नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे काय घडले ते आठवा. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. तिथे टोळी नव्हतीच. मारणारेही गरीब आणि मेलेलेही गरीब!

म्हणून बंधू-भगिनींनो, वस्तीवर असे संकट आले तर पहारा जरूर द्यावा. पहाऱ्याला चौघे-पाच जण मिळून बसावे, पाळ्या लावाव्यात आणि नावे वहीत लिहावीत. दारू प्यालेल्याला पहाऱ्यावर घेऊ नये. अनोळखी माणूस दिसला तर त्याला बसवावे, पाणी द्यावे, नाव-गाव विचारावे. संशय वाटला तर 112 नंबरवर फोन करावा, हात मात्र उगारू नये. मोबाईलवर आलेली बातमी खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नये.

माणूस किंवा मूल बेपत्ता झाले तर ‘येईल दोन दिवसांनी’ या उत्तरावर ठाण्यातून परत फिरू नये. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, आणि बेपत्ता मुलाच्या तक्रारीवरही गुन्हा नोंदवावा, असे सुप्रीम कोर्टाने 2013 साली बजावले आहे. जाताना दोन शिकलेली पोरे सोबत न्यावीत आणि तक्रारीची प्रत मागून घ्यावी.

भीती प्रत्येकालाच वाटते, त्यात कमीपणा नाही. पण आपल्या भीतीपायी दुसऱ्या गरिबाचा जीव जाता कामा नये, एवढे आपल्या हातात नक्कीच आहे.