एक पावती, सात नोंदी



हल्ली आपल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये दहा-बारा ग्रुप असतातच. माहेरचा, सासरचा, महिला मंडळाचा, सोसायटीचा, पाठशाळेचा. एखादा मेसेज सकाळी या सगळ्यांत येतो आणि दुपारपर्यंत आपल्याला वाटायला लागतं, "सगळेच म्हणताहेत, म्हणजे खरं असणार." मी कॉमर्स शिकलेली, त्यामुळे मला यात हिशेबाचा घोळ दिसतो. एकाच पावतीची वहीत सात वेळा नोंद केली, तर पैसे सातपट होत नाहीत. सात ग्रुपांत आलेला एकच मेसेज म्हणजे सात साक्षीदार नव्हेत. पावती एकच असते, आणि बऱ्याचदा तीही कुणी पाहिलेली नसते.

महादेवी हत्तिणीच्या वेळी हे अगदी ठळक दिसलं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात ती तीसहून अधिक वर्षं होती. १६ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामनगरच्या वनताराला पाठवायचा आदेश दिला, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानंही तो कायम ठेवला आणि हत्तीण गेली. गावानं रडत निरोप दिला. ३ ऑगस्टला हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत गेली, अनेकांनी निषेध म्हणून मोबाइलची कंपनी बदलली. त्यात फक्त जैन नव्हते, सगळा पंचक्रोशीतला समाज होता.

माझं माहेर सांगलीकडचं, संसार अलिबागला. त्यामुळे त्या दिवसांत माझ्या फोनमध्ये दोन वेगळी जगं होती. माहेरच्या ग्रुपवर हत्तिणीच्या डोळ्यांतलं पाणी, मठाचा इतिहास, सरकारवर राग. इथल्या ओळखीपाळखीच्या ग्रुपवर तिच्या पायांच्या जखमांचे फोटो आणि "मुंगी मारत नाहीत म्हणे, हत्तीला मात्र साखळी!" असे टोमणे. पहिल्या ग्रुपवर जखमांचा एकही फोटो आला नाही. दुसऱ्या ग्रुपवर तीस वर्षांच्या मायेबद्दल एक ओळ आली नाही. दोन्हीकडे सगळे जण ठामपणे सांगत होते की आम्हाला पूर्ण माहिती आहे.

आमच्यातल्या एका मैत्रिणीनं ग्रुपवर साधा प्रश्न विचारला, "मठाची माया खरी आहेच, पण तिच्या पायांच्या दुखण्याचं काय? समितीच्या अहवालात ते लिहिलंय ना?" संध्याकाळपर्यंत तिला "तू नक्की कुणाच्या बाजूची?" असं विचारणारे पंधरा-वीस मेसेज आले. तिनं काही उत्तर न देता ग्रुप सोडला. पुढं ती स्वाध्यायालाही येईनाशी झाली. ग्रुपवर मात्र कुणीतरी लिहिलं, "या विषयावर आपल्या सगळ्यांचं एकमत आहे." असणारच! वेगळं मत असलेली निघून गेली, आणि तिच्यासारखंच वाटणाऱ्या चौघी-पाचजणी गप्प बसल्या. त्यांतल्या दोघींनी मला फोनवर हळू आवाजात सांगितलं, "अगं, तिचं बरोबर होतं, पण कोण वाईटपणा घेणार?"

एकमत असं तयार होतं. १९५० च्या सुमारास सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत एक प्रयोग केला होता. कागदावरच्या रेघांपैकी कुठली रेघ नमुन्याएवढी, एवढंच सांगायचं. उत्तर उघड दिसत असे. पण खोलीतली बाकीची माणसं आधीच ठरवून चुकीचं उत्तर देत. ते ऐकून बऱ्याच जणांनी कधी ना कधी डोळ्यांना दिसणारं सोडून चुकीच्या उत्तराला मान डोलावली. मात्र खोलीत आणखी एकानं जरी खरं उत्तर दिलं, तर असं मान डोलावणं खूपच कमी होई. म्हणजे एका आवाजानंही बाकीच्यांना बळ येतं. आमच्या मैत्रिणीच्या मागं त्या दिवशी तेवढा एक आवाज उभा राहायला हवा होता.

काहीजणी म्हणतील, "आपला समाज लहान. आपण एकजुटीनं बोलायला नको का?" २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण चौदा लाखांच्या आसपास होतो. लहान आहोत, खरंच. पण म्हणूनच शेजारी काय बोलतात, का बोलतात, हे आपल्याला नीट ठाऊक असायला हवं. आपलाच आवाज परत परत ऐकत बसलो, तर बाहेरच्या रागाचं कारणही कळणार नाही आणि त्याला उत्तरही देता येणार नाही.

बंद खोलीतला हा घुमणारा आवाज किती लांब जातो, तेही महाराष्ट्रानं पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. पण आपल्या मनावरची मर्यादा कंपनी कशी आणणार?

ती आपल्याकडे कधीचीच आहे. पाठशाळेत आपण आंधळे आणि हत्तीची गोष्ट ऐकलेली. कुणाच्या हाती पाय, कुणाच्या हाती कान, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याला हत्ती कळला. इथं तर खरीखुरी हत्तीण होती! एकांनी तिचे डोळे धरले, दुसऱ्यांनी तिचे पाय. अनेकांतवाद म्हणजे सगळेच बरोबर, असं मात्र नव्हे. पायाला जखम आहे की नाही, हे पशुवैद्य तपासून सांगतो, ते ग्रुपवरच्या अंगठ्यांनी ठरत नाही. "मला दिसली ती एक बाजू," एवढं ध्यानात ठेवून बोलणं, हा अनेकांत. पुढं वनतारानंच नांदणीजवळ हत्तिणीसाठी पुनर्वसन केंद्र उभारायला मदत करायची तयारी दाखवली. माया आणि उपचार या दोन्ही गोष्टी एकत्र बसू शकतात, हा विचार आधी आपल्याच ग्रुपवर मोकळेपणानं बोलता आला असता.

घरचा हिशेब आपण बँकेच्या पासबुकाशी ताडून बघतो. आपल्या वहीवर विश्वास नसतो म्हणून नव्हे, तर सुटलेली नोंद सापडावी म्हणून. तसंच इथंही करू या. तापलेल्या विषयावर विरुद्ध बाजूचं निदान एक तरी नीट वाचायचं. मेसेज पुढं ढकलण्यापूर्वी मूळ पावती कुठाय, हे विचारायचं. आणि कुणी वेगळा प्रश्न विचारला, तर "तू कुणाच्या बाजूची?" असं न म्हणता "तुला असं का वाटतं?" असं विचारायचं.

ग्रुप सोडून गेलेली एखादी मैत्रीण तुमच्याही मंडळात असेलच. मेसेज नको, या आठवड्यात तिच्या घरी जाऊन या. चहा होईल, बोलणंही होईल.