यादीत नाव असूनही

धर्मसंस्थांनी भजनपूजन करावे, कायद्याच्या वादात पडू नये, असा एक सोज्ज्वळ समज आपल्या मंडळींत रूढ आहे. तो आम्हांस मान्य नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती केली. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाची वाट सुलभ झाली. वास्तव्याची अट ११ वर्षांवरून ५ वर आली. देशभर निदर्शने झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांनी कॅथलिक समाजाच्या वतीने, हा कायदा तात्काळ व विनाअट मागे घ्यावा, असे आवाहन सरकारला केले. ख्रिस्ती तर लाभार्थींच्या यादीत होते! ज्याचे पान वाढलेले आहे, तोच पंक्तीबाहेर ठेवलेल्यासाठी बोलला. याला कोणी राजकारण म्हणोत. आम्ही धर्म म्हणतो.

यावर उत्तर मिळते की, हा कायदा देतो, कोणाचे हिरावत नाही. त्या देशांतील अल्पसंख्याकांचे हाल खरे आहेत आणि त्यांना आश्रय द्यावाच. पण मग छळ हीच कसोटी ठेवावी. पाकिस्तानातील अहमदियांचा छळ काय कमी आहे? श्रीलंकेतून आलेले तमिळ हिंदूही या दुरुस्तीबाहेरच राहिले. शिवाय कायद्यानेच धर्मांची नावे घेतल्यावर धर्मसंस्थांनी मात्र मौन पाळावे, हा कुठला न्याय?

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. १९६२ च्या आदेशाने तेथील लोक भारताचे नागरिक झाले, ते जन्मभूमीच्या आधारे. धर्म कोणी विचारला नाही. आपलेही तसेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. बिरसा-बैहरच्या मराठी घरांना कोणी परके ठरविले नाही. आपल्यापाशी निदान जुनी खातेपत्रके, शाळेचे दाखले सापडतील. शेजारच्या बैगा कुटुंबाने आजोबांच्या जन्माचा पुरावा कोठून आणावा? ३१ ऑगस्ट २०१९ च्या आसामच्या अंतिम नोंदवहीतून १९ लाखांवर माणसे वगळली गेली, त्यांत सर्व धर्मांचे लोक होते, हे विसरू नये.

धर्मपीठाने मत कोणाला द्यावे हे सांगू नये, निदर्शनांत दगड उचलणाऱ्यास पाठीशी घालू नये, ही मर्यादा आम्हांस मान्य आहे. परंतु मर्यादा म्हणजे मूकपण नव्हे. विठ्ठलाच्या दारी सर्व समान, असे एकादशीस म्हणावयाचे आणि द्वादशीस गप्प बसावयाचे, ही सोयीची भक्ती झाली.

११ मार्च २०२४ रोजी कायद्याचे नियम जाहीर झाले, म्हणून चर्चेची गरज सरली असे नाही. आपल्या गणेशोत्सवाच्या व्याख्यानांत हा विषय यावा. विरुद्ध मताच्या वक्त्यासही सन्मानाने बोलवावे. पण विषय वादग्रस्त आहे, या सबबीवर तो टाळू नये.